सोसायटीची जमिनीखालची पाण्याची लाइन : तपासणी, देखभाल आणि दुरुस्ती

मुंबईला रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी पुरवले जाते. वैतरणा, भातसा, तानसा आणि इतर जलाशयांतून आलेले हे पाणी भांडुप आणि पांजरापूर येथे शुद्ध होऊन, क्लोरीन घालून शहरात येते. परंतु बहुतेक वस्त्यांत ते दिवसातून काही तासच सोडले जाते. उरलेले तास रस्त्याखालची जलवाहिनी आणि तिच्यापासून आपल्या इमारतीपर्यंत आलेली लाइन यांत दाब नसतो. पुरवठ्याची झडप बंद झाली की उतारावरचे नळ उरलेले पाणी ओढून घेतात आणि वरच्या भागातील वाहिनीत पोकळी निर्माण होते. अशा वेळी पाइपला सुईएवढे जरी भोक असले आणि ते भोक ओल्या मातीत किंवा गटाराच्या पाण्यात बुडालेले असले, तर ते पाणी पाइपात खेचले जाते आणि दुसऱ्या दिवशी पाणी आले की सर्वांत आधी तेच टाकीत पडते. म्हणून या शहरात गळतीचा हिशेब केवळ वाया गेलेल्या लिटरमध्ये करता येत नाही. पाणी असताना जिथून बाहेर जाते, तिथूनच पाणी नसताना घाण आत येते, हे ध्यानात ठेवले तर पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी करायची ते आपोआप कळेल.

हे लेखन प्रामुख्याने गृहनिर्माण सोसायट्यांच्या कार्यकारिणी सदस्यांसाठी आहे. मात्र जुनी चाळ, स्वतंत्र बंगला किंवा गावठाणातील घर यांनाही त्यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

लाइन कुठून कुठवर जाते

सर्वप्रथम आपली लाइन माहीत करून घ्यावी. महापालिकेच्या मुख्य जलवाहिनीला भोक पाडून त्यात पितळी फेरूल, म्हणजे जोडणीचा आटेदार तुकडा, बसवलेले असते. तेथून अर्धा इंच ते दोन-तीन इंच व्यासाची लाइन निघते, पदपथ किंवा गटार ओलांडून कंपाउंडच्या भिंतीतून आत येते, मीटरच्या चेंबरमध्ये झडप आणि मीटर यांतून जाते आणि पार्किंगखालून किंवा भिंतीच्या कडेने जाऊन खालच्या टाकीत बॉल कॉकला, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणाऱ्या झडपेला, मिळते. मुख्य वाहिनी आणि तिच्या झडपा महापालिकेच्या. जोडणीपासून पुढची लाइन सुस्थितीत ठेवणे हे ग्राहकाचे काम. मीटर आवारात असला तरी त्याचे सील कोणीही तोडू नये, आणि फेरूलला हात लावण्याचा अधिकार आपल्या प्लंबरला नाही.

या लाइनचा नकाशा फारच थोड्या सोसायट्यांकडे असतो. तो आपणच तयार करावा. पाणीपट्टीच्या देयकावरील जोडणी क्रमांक आणि व्यास, मीटरचा क्रमांक, पाण्याची वेळ, झडपांच्या जागा आणि पाइपचा मार्ग एका कागदावर काढावा. अंतरे न हलणाऱ्या वस्तूंपासून मोजावीत. ‘आंब्याच्या झाडाजवळ’ असे लिहिले तर दहा वर्षांनी झाड नसेल. ‘गेटच्या उजव्या खांबापासून आत ४.२ मीटर, भिंतीपासून ६० सेंटिमीटर, खोली ७० सेंटिमीटर’ असे लिहिले तर कोणताही कामगार नेमक्या जागी कुदळ मारू शकेल. जुने प्लंबर, निवृत्त वॉचमन आणि आपल्या गल्लीत पाणी सोडणारा महापालिकेचा चावीवाला यांच्याकडे कागदावर कुठेच न सापडणारी माहिती असते. ती आदराने विचारून त्यांच्यासमोरच नकाशावर उतरवून घ्यावी.

त्याच वेळी सर्व झडपा एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडून पाहाव्यात. वर्षानुवर्षे न फिरवलेली झडप जाम होते आणि नेमकी पाइप फुटलेल्या दिवशी हातात मोडून येते. जोर लावून फिरवण्याऐवजी थोडी पुढे, थोडी मागे अशी सैल करत न्यावी. झडप हलत नसेल, तर ती आताच बदलून घ्यावी.

मीटर आणि टाकी यांच्या साहाय्याने तपासणी

मीटर ते टाकी या टप्प्यातील गळती शोधण्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. पाणी आल्यावर पहिली पंधरा मिनिटे काहीही करू नये, कारण तेवढ्या वेळात लाइनमधली हवा बाहेर पडते आणि ती हवाही मीटर फिरवते. मग टाकीच्या तोंडाशी असलेली झडप बंद करावी. तिथे झडप नसेल, तर बॉल कॉकचा गोळा दोरीने वर ताणून बांधावा आणि थेंबही पडत नाही याची टॉर्च लावून खात्री करावी. लाइनमधूनच एखादा बागेचा किंवा वॉचमनच्या खोलीचा नळ काढलेला असेल, तर तोही बंद ठेवावा. आता मीटरच्या तबकडीवरची छोटी चांदणीसारखी चकती पाहावी. ती स्थिर असेल, तर हा टप्पा ठीक आहे. ती सावकाश का होईना, पण अखंड फिरत असेल, तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये कुठेतरी पाणी जमिनीत जात आहे.

किती जाते हेही लगेच कळते. पंधरा मिनिटांत मीटर १५० लिटर पुढे गेला, तर ताशी ६०० लिटर झाले. रोज चार तास पाणी येत असेल, तर महिन्याला ७२,००० लिटर, म्हणजे देयकातील ७२ युनिट (एक युनिट म्हणजे १,००० लिटर). दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर रोजच्या या २,४०० लिटरवर सतरा माणसांचा दिवस निघतो. सर्वसाधारण सभेत खर्चाला मंजुरी मागताना हा हिशेब मांडावा. पाइप बदलण्याचा विषय त्याने जितका चटकन समजतो, तितका दुसऱ्या कशाने समजत नाही.

दुसरी तपासणी टाकीची. टाकीच्या आतील भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी पक्की बसवून घ्यावी. टाकी ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असेल, तर पातळी १० सेंटिमीटर वाढणे म्हणजे १,२०० लिटर पाणी येणे. पंप बंद ठेवून, पाणी येत असताना अर्ध्या तासात मीटर किती पुढे गेला आणि पातळी किती वाढली, याची तुलना करावी. नंतर पाणी गेल्यावर रात्री पंप बंद करून पातळी टिपावी आणि पहाटे पुन्हा पाहावी. पातळी उतरली असेल, तर टाकीला तडा असण्याची शक्यता मोठी आहे. पंप बंद, पुरवठा बंद, तरीही पातळी चढलेली दिसली, तर ती बाब त्याहून कितीतरी गंभीर आहे. वरच्या टाकीचे पाणी पंपाच्या नळीतून परत येत नाही ना, एवढे तपासून घ्यावे. तसे नसेल, तर भूजल किंवा गटाराचे पाणी टाकीत झिरपत आहे असे समजून ते पाणी पिण्यासाठी वापरणे त्याच दिवशी थांबवावे. सखल भागात, भरावाच्या जमिनीवर आणि समुद्राला भरती असताना पाऊस पडला की हे हमखास दिसते.

मीटरच्या आधीची बाजू

फेरूलपासून मीटरपर्यंतच्या टप्प्यातील गळती देयकात दिसत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. माझ्या मते मुंबईत सर्वांत घातक टप्पा हाच आहे, कारण तो बहुधा पदपथाखालच्या गटाराला ओलांडून येतो. कित्येक जुन्या जोडण्यांचा पाइप गटाराच्या बांधकामातून आरपार गेलेला असतो आणि वर्षभर घाण पाण्याला टेकून असतो.

येथे डोळे आणि कान वापरावे लागतात. मे महिन्यात सगळीकडे धूळ असताना पेव्हर ब्लॉकच्या एकाच फटीत हिरवे शेवाळ टिकून असेल, फरशी बसत चालली असेल, किंवा भिंतीच्या पायथ्याशी पाण्याच्या वेळेपुरतीच ओल येत असेल, तर ती जागा नकाशावर खूण करून ठेवावी. गटाराचे झाकण पुरवठा सुरू होण्याच्या अर्धा तास आधी उचलून प्रवाह पाहावा आणि पाणी आल्यानंतर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावा. प्रवाह वाढला आणि त्यात स्वच्छ पाण्याची धार मिसळताना दिसली, तर उत्तर मिळाले.

झिरपणारे पाणी नळाचे की जमिनीतले, हे क्लोरीनच्या चाचणीवरून समजते. एका काचेच्या नळीत ते पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकले असता पिवळी छटा आली, तर त्यात बहुधा क्लोरीन आहे, म्हणजे ते महापालिकेचे पाणी असावे. डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळीने हीच चाचणी गुलाबी रंग दाखवते आणि ती हाताळायला अधिक सुरक्षित आहे. ऑर्थोटोलिडीन विषारी असल्याने ते मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि चाचणीचे पाणी पिण्याच्या भांड्यात कधीही जाऊ देऊ नये. एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी. घाण मातीतून लांबवर झिरपून आलेल्या पाण्यातला क्लोरीन संपून जातो, त्यामुळे रंग आला तर ते बहुधा नळाचे पाणी. रंग आला नाही, तर ते नळाचे नाहीच असे म्हणता येत नाही.

आवाजासाठी बोटाएवढ्या जाडीची, दीड मीटर लांबीची लोखंडी सळई पुरते. तिचे एक टोक झडपेच्या दांड्यावर किंवा उघड्या पाइपवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावावा. पहाटे वाहनांचा गोंगाट नसताना, लाइन पूर्ण दाबाखाली असताना आणि मीटरलगतची झडप बंद करून ऐकले, तर बारीक भोकातून सुटणाऱ्या पाण्याचा अखंड ‘सूं’ असा सूर स्पष्ट ऐकू येतो. मीटरपुढचा सगळा भाग बंद असूनही तो सूर कायम राहिला, तर गळती रस्त्याच्या बाजूला आहे. लोखंडी पाइप आवाज दूरवर नेतो. प्लॅस्टिकचा पाइप तो गिळून टाकतो, त्यामुळे तिथे गळती शोधणाऱ्या तज्ज्ञाला यंत्रासह बोलावणे योग्य.

पाणी गढूळ किंवा वासाचे आले तर

एका पाठोपाठ तीन स्वच्छ पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. पाणी आल्याबरोबर पहिल्या मिनिटाचे पाणी टाकीच्या तोंडाशी एका बाटलीत, अर्ध्या तासानंतरचे दुसरीत आणि टाकीतले तिसरीत भरून त्यांवर वेळ लिहावी. पहिली बाटली गढूळ किंवा दुर्गंधीची आणि दुसरी स्वच्छ असेल, तर पुरवठा नसताना लाइनमध्ये घाण शिरत आहे. दोन्ही चांगल्या आणि तिसरी वाईट असेल, तर दोष टाकीत आहे. त्याच सकाळी शेजारच्या दोन इमारतींतही विचारावे. तिथेही तोच त्रास असेल, तर दोष बहुधा मुख्य वाहिनीत आहे. फक्त आपल्याकडे असेल, तर आपल्याच जोडणीत. नुसते पाहून समाधान मानू नये, कारण कावीळ आणि विषमज्वर पसरवणारे जंतू नितळ पाण्यातही असू शकतात. प्रत्येक बाटलीतला क्लोरीनही तपासावा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. अर्ध्या तासानंतरच्या पाण्यात तो आहे आणि पहिल्या पाण्यात अजिबात नाही, हीसुद्धा घाण शिरल्याची खूण आहे.

संशय आला की विभाग कार्यालयातील जलकामे खात्याच्या सहाय्यक अभियंत्यांकडे लेखी तक्रार द्यावी, १९१६ या क्रमांकावरही नोंदवावी आणि पाण्याचा नमुना घेण्याची विनंती करावी. अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळूनच घ्यावे, आणि ही सूचना प्रत्येक घरी तोंडी पोहोचवावी. फलकावरची सूचना घरकामाला येणाऱ्या ताईंपर्यंत, भाडेकरूंपर्यंत आणि एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही.

दाब कमी आहे म्हणून लाइनला थेट पंप लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ठामपणे नाकारावा. तसे करणे बेकायदेशीर आहे, शिवाय पंपाच्या ओढीने आपल्या आणि शेजाऱ्यांच्याही पाइपांत बाहेरची घाण खेचली जाते. दाब का कमी झाला, हे शोधणे हाच मार्ग आहे. मीटरनंतर एक दाबमापक बसवावा. टाकीची झडप बंद असताना काटा चांगला वर राहतो आणि झडप उघडताच धार बारीकच पडते, तेव्हा काटा कुठे जातो ते पाहावे. काटा झपकन शून्याकडे कोसळला, तर अडथळा दाबमापकाच्या आधी, म्हणजे फेरूल, जुना पाइप किंवा मीटरपूर्वीची जाळी यांत आहे. काटा वरच राहिला, तर अडथळा पुढच्या लाइनीत किंवा बॉल कॉकमध्ये आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा दोन इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप कापून पाहिला, तर आत नारिंगी-काळ्या गंजाच्या गाठी इतक्या वाढलेल्या असतात की मधून अंगठासुद्धा जात नाही. अशा पाइपाला महापालिका कितीही दाबाने पाणी देवो, टाकी भरणार नाही. जाळी आणि फेरूल साफ करून घेण्यासाठी विभाग कार्यालयात अर्ज करावा. गंजलेला पाइप मात्र बदलावाच लागतो.

खोदण्यापूर्वी

आवाराबाहेरच्या कामासाठी महापालिकेचा परवानाधारक प्लंबर आणि रस्ता खोदण्याची परवानगी, दोन्ही लागतात. रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्कही भरावे लागते. पावसाळ्यात रस्ते खोदण्यास परवानगी सहसा मिळत नाही, म्हणून तपासण्या हिवाळ्यात आटोपून मेच्या आत काम पूर्ण करावे. पाइप अचानक फुटला, तर तातडीच्या कामाचा अर्ज छायाचित्रांसह द्यावा.

आवारातल्या खोदकामालाही काही सोपस्कार आवश्यक आहेत. विजेच्या केबल कुठून जातात, हे आपल्या भागातील वीज कंपनीकडून आणि गॅसची लाइन कुठून जाते, हे गॅस कंपनीकडून आधी जाणून घ्यावे. गॅसचा पाइप सहसा पिवळा असतो, आणि तो पाण्याच्या लाइनपासून हातभर अंतरावरही सापडू शकतो. संशयित जागेभोवती दोन छोटे खड्डे हाताने खणून पाइप उघडा पाडावा. ब्रेकर किंवा जेसीबी त्याच्याजवळ आणू नये. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल जाणार असेल, तर बाजूंना फळ्या आणि आधार लावल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नये. भरावाची माती कोणतीही चाहूल न देता ढासळते. भूमिगत टाकीत किंवा खोल चेंबरमध्ये कामगार उतरवताना झाकणे बराच वेळ उघडी ठेवावीत, पंख्याने हवा सोडावी, कामगाराच्या कमरेला दोर बांधावा आणि वर दुसरा माणूस उभा असावाच. इंधनावर चालणारा पंप आत किंवा तोंडाशी लावू नये. ज्यांच्या श्रमावर आपले पाणी अवलंबून आहे, त्यांच्या जिवाची जबाबदारी कंत्राटात काहीही लिहिले असले तरी आपलीही आहे.

दुरुस्ती की बदल

पाइप उघडा पडल्यावर घाई करू नये. आधी खड्ड्याच्या एका कोपऱ्यात आणखी खोल खळगा करून पंपाने पाणी उपसत राहावे आणि पातळी पाइपाखाली किमान वीतभर ठेवावी. पुरवठा बंद असताना काम केले जाते, आणि नेमके त्याच वेळी पाइप ओढ घेत असतो. चिखलात बुडालेला पाइप कापला, तर तो चिखल सरळ आत जातो.

पाइप खरवडून स्वच्छ करावा आणि हातोडीने हलके ठोकून पाहावा. खणखणीत आवाज येऊन एकाच जागी भोक असेल, तर तेवढा भाग कापून नवा तुकडा सॉकेट आणि युनियनने जोडता येतो, किंवा रबरी अस्तराचा स्टीलचा क्लॅम्प बसवता येतो. ठोकल्यावर पोचा पडत असेल किंवा पापुद्रे सुटत असतील, तर क्लॅम्प आवळतानाच पाइप फुटेल. ट्यूबची पट्टी आणि तार यांनी केलेले काम दुसऱ्या दिवसापर्यंतच चालवावे. एकाच जीआय लाइनवर दोन-तीन वर्षांत दुसरी गळती आली, तर तिसरीची वाट न पाहता संपूर्ण टप्पा बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या खाऱ्या, दमट जमिनीत आणि विशेषतः भरावाच्या भागात जीआय पाइप बाहेरूनही कुजतो, आणि एका जागी भोक पडण्याइतका तो कुजला असेल, तर इतरत्रही फारसा धड राहिलेला नसतो.

जीआयच वापरायचा असेल, तर जाड वर्गाचा, म्हणजे ‘सी’ क्लासचा घ्यावा. त्यावर लाल पट्टा असतो. निळा पट्टा मध्यम वर्गाचा. साइटवर आटे पाडताना त्या जागेवरचा जस्ताचा थर कापला जातो, म्हणून गंज आट्यांपासूनच सुरू होतो. सूत आणि सफेदा लावून जोड घट्ट केल्यावर उघडे राहिलेले आटे रंगवावेत, मग संपूर्ण पाइपला प्रायमर लावून डांबरी टेप अर्धा थर एकमेकांवर येईल अशी गुंडाळावी. सॉकेटवर टेप दोनदा गुंडाळावी.

खाऱ्या जमिनीसाठी मला एचडीपीई, म्हणजे लवचिक पण मजबूत प्लॅस्टिकचा, पाइप अधिक योग्य वाटतो. तो गंजत नाही, जमीन थोडी खचली तर वाकतो आणि लांब वेटोळ्यांत मिळत असल्याने जोड कमी येतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ४९८४ चा शिक्का असलेला, काळ्या रंगावर निळ्या रेघा असलेला पाइप घ्यावा, आणि जोड वितळवून करणारा प्रशिक्षित माणूस बोलवावा. तो पाइप उन्हात पडू देऊ नये. आवारालगत पेट्रोल पंप किंवा गॅरेज असून जमिनीत तेल मुरलेले असेल, तर मात्र प्लॅस्टिक टाळावे. इंधनाचे अंश त्याच्या भिंतीतून पाण्यात उतरू शकतात. महापालिका आपल्या जोडणीसाठी कोणता पाइप मान्य करते, हे परवानाधारक प्लंबरकडून खरेदीपूर्वी लेखी घ्यावे.

नवा मार्ग आखताना पाण्याची लाइन सांडपाण्याच्या लाइनपासून शक्य तितकी दूर आणि तिच्यापेक्षा वर ठेवावी. तीन मीटर अंतर हा आदर्श आहे. मुंबईतील अरुंद आवारात तो क्वचितच साधतो, पण म्हणून दोन्ही पाइप एकाच चरात टाकणे कधीही मान्य करू नये. गटार ओलांडायचेच असेल, तर ते वरून, मोठ्या व्यासाच्या संरक्षक पाइपातून, दोन्ही टोके बंद करून आणि मध्ये एकही जोड न ठेवता ओलांडावे. मीटरनंतर एक झडप, एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) आणि टाकीच्या आधी एक बाहेर सोडण्याचा नळ, एवढे नव्या लाइनमध्ये आवर्जून बसवावे. या नळातून रोजची पहिली काही मिनिटे पाणी झाडांना किंवा धुण्यासाठी सोडता येते. टाकीत पाणी पडणारे तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा वर असावे. ते पाण्यात बुडालेले असेल, तर पुरवठा गेल्यावर टाकीतले पाणी उलटे ओढले जाते.

चर बुजवताना होणाऱ्या चुका अनेक वर्षांनी बाहेर येतात. पाइपाखाली आणि वर किमान १० ते १५ सेंटिमीटर वाळू किंवा बारीक कच असावी. इमारतीच्या दुरुस्तीतून निघालेले डेब्रिज त्यात टाकू देऊ नये. विटेचा किंवा फरशीचा टोकदार तुकडा वरून गाड्या गेल्या की पाइपात रुततो. उरलेली माती वीत-वीतभर थरांत पाणी मारून ठोकावी, पाइपच्या वर हातभर अंतरावर निळी सूचक पट्टी टाकावी आणि गाड्या जाणाऱ्या जागी पाइप किमान ७५ सेंटिमीटर खोल ठेवावा.

बुजवण्याआधी आणि नंतर

जोड उघडे असतानाच दाबाची चाचणी घ्यावी. हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तासभर ठेवावा. काटा उतरू नये आणि प्रत्येक जोडाभोवती फिरवलेले कोरडे फडके कोरडेच राहावे.

मग निर्जंतुकीकरण. हे काम बहुतेक वेळा गाळले जाते, आणि नवी लाइन टाकल्यावर आठवड्याभरात घराघरांत पोट बिघडण्याचे कारण अनेकदा तेच असते. दोन इंची, २० मीटर लांब लाइनमध्ये सुमारे ४० लिटर पाणी मावते. लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीनसाठी २ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३० टक्के क्लोरीन असलेली ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे ७ ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे नितळ पाणीच लाइनमध्ये भरून रात्रभर ठेवावे. टाकीत घाण गेली असेल, तर ती रिकामी करून, घासून, प्रत्येक १,००० लिटरला सुमारे १७० ग्रॅम पावडर या प्रमाणात तोच उपचार करावा आणि हे तीव्र पाणी वरच्या टाकीत चढणार नाही यासाठी पंपाचा स्विच काढून ठेवावा. नंतर टाकीआधीच्या नळातून क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत पाणी सोडावे, टाकी धुऊन घ्यावी आणि मगच नेहमीचा पुरवठा सुरू करावा. जंतूंच्या तपासणीचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, बर्फात ठेवावा आणि त्याच दिवशी पोहोचवावा.

पुनर्विकास झालेल्या किंवा जोडणी बदललेल्या इमारतींत आणखी एक गोष्ट उरते. चाळीच्या काळातील जुन्या जोडण्या बऱ्याचदा कंपाउंडच्या भिंतीपाशी केवळ बूच मारून सोडून दिलेल्या असतात. वर नवी इमारत उभी राहते, पण तो मृत पाइप मुख्य वाहिनीला जोडलेलाच असतो, कुजत असतो आणि संपूर्ण गल्लीच्या पाण्यात घाण सोडू शकतो. अशी प्रत्येक जोडणी फेरूलपाशीच बंद करून घेण्यासाठी जुन्या जोडणी क्रमांकांसह विभाग कार्यालयात अर्ज करावा, काम होताना सोसायटीचा एक प्रतिनिधी तिथे उभा असावा, आणि बंद केलेल्या जागेचे छायाचित्र व तारीख लाइनच्या नकाशासोबत त्याच फाइलमध्ये लावावी.